‘अहो’ कोणासाठी?

(कुटुंब संमेलनातील व्याख्यानाचे शब्दांकन)



शहरातील कोणत्याही मोठ्या इमारतीत सकाळी सहज दिसेल असा एक प्रसंग आहे. शाळेला निघालेले पाच-सहा वर्षांचे मूल आईचे बोट धरून लिफ्टमध्ये शिरते. चौथ्या मजल्यावर परिचयाचे एक गृहस्थ आत येतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात, खिशातून चॉकलेट काढून देतात. आई लगेच म्हणते, “थँक्यू म्हण काकांना.” मूल म्हणते. सर्वांना बरे वाटते. लिफ्ट तळमजल्यावर येते. लिफ्टमन दार उघडून धरतो, मुलाच्या दप्तराचा अडकलेला पट्टा सोडवून देतो, खाली पडलेली पाण्याची बाटली उचलून त्याच्या हातात देतो. आई घाईत असते. ती पुढे निघते, मूल तिच्या मागोमाग. कोणी काही बोलत नाही.

त्या आईला उद्धट म्हणता येणार नाही. ती सुशिक्षित आहे, मुलावर चांगले संस्कार व्हावेत म्हणून धडपडणारी आहे. परंतु त्या एका मिनिटात मुलाने दोन धडे घेतले. पहिला आईने शब्दांनी दिला : कोणी काही दिले की आभार मानावेत. दुसरा कोणीच दिला नाही, तरी तो अधिक पक्का बसला : जगात काही माणसांचे आभार मानायचे असतात आणि काहींचे मानायचे नसतात. कोणाचे मानायचे नाहीत, हे ओळखायलाही मूल लवकरच शिकते. गणवेश, चपला, हातातली पिशवी एवढ्या खुणा त्याला पुरतात.

आजचा विषय सौजन्याचा आहे. पण ते आहे की नाही, एवढ्यापुरता तो नाही. ते कोणासाठी राखून ठेवले जाते, हा खरा प्रश्न आहे.

मराठी माणसाविषयी एक समज आहे, आणि तो मराठी माणसानेच अभिमानाने जोपासला आहे. मराठी माणूस रोखठोक. त्याला गोडगोड बोलता येत नाही, पण मनाने तो निर्मळ असतो. पुण्यातील दारांवरच्या पाट्यांनी या समजाला बराच हातभार लावला. भाषेचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. इंग्रजीत विनंतीसाठी एक शब्द ठरलेला आहे, तसा मराठीत नाही. ‘कृपया’ हा शब्द सरकारी फलकांवर राहतो, घरात त्याचे येणे-जाणे नाही. पण म्हणून मराठीत विनंती नाही असे नव्हे. ती ‘जरा’ या शब्दात आहे, ‘ना’ आणि ‘हं’ या अक्षरांत आहे, क्रियापदाच्या रूपात आहे. “सरका” आणि “जरा सरकता का?” यांतील अंतर कोणत्याही मराठी कानाला कळते. निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नाही. निदान चिमूटभर साखर घालून द्यायचे. हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, दुकान बंद करायचे तर तेही ‘वाढवायचे’, आणि दिवा विझवायचा नाही, मालवायचा. काचेच्या बांगडीला आणि तेलाच्या दिव्यालाही शब्द लागू नये, एवढी काळजी या भाषेने घेतली आहे. तीच भाषा बोलणारी माणसे दारात उभ्या असलेल्या जिवंत माणसाला “ए कुरियर” म्हणून हाक मारतात, तेव्हा दोष भाषेचा नसतो.

आभाराचेही असेच आहे. मराठी घरात पाण्याचा पेला दिल्याबद्दल मुलगा आईला धन्यवाद म्हणत नाही. म्हटले तर आईला ते लागेल. आभार ही सभेच्या शेवटी, लोक चपला शोधू लागल्यावर, प्रदर्शित करावयाची गोष्ट मानली गेली. आपल्या माणसांत आभाराची भाषा नको, हे योग्यच आहे. तेथे “जेवलास का?”, “पोचल्यावर फोन कर”, “जपून जा” हीच आभाराची आणि मायेची भाषा असते. अडचण पुढे आहे. परक्या माणसाशी ही आपलेपणाची भाषा बोलली जात नाही, आणि तिच्या जागी औपचारिक आभारही येत नाहीत. मग उरते ती केवळ मुकी पाठ.

याचे कारण जुने आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. ही सारी रीत ओळखीच्या जगात तयार झाली. गावात अनोळखी माणूस क्वचितच येई. शिवाय ओळखीच्या सर्वांनाही ती सारखी लागू नव्हती. गावगाड्यात आजोबांच्या वयाचा माणूसही, तो खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा असेल तर, वाड्यातल्या पोराकडून एकेरी हाक ऐकत असे आणि उत्तर मात्र ‘जी’ म्हणून देत असे. नावामागे ‘राव’ लागायचे की नाम्या-धोंड्या असा ‘या’ लागायचा, हे जन्माने ठरत असे. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्याने हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कारण ती सवय गावात राहिली नाही, माणसांबरोबर शहरात आली आणि लिफ्टमध्ये चढली.

येथे ‘तू’ या शब्दाचा थोडा विचार करावा लागेल. ‘तू’ म्हणणे म्हणजे अपमान, असे नाही. मराठी माणूस आईला ‘तू’ म्हणतो, जिवलग मित्राला ‘तू’ म्हणतो, आणि विठोबालाही ‘तू’च म्हणतो. पंढरीच्या पांडुरंगाला ‘अहो’ म्हणणारा भक्त सापडणे कठीण. मग रिक्षावाल्याला म्हटलेला ‘तू’ का खटकावा? रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांवर १९६० साली एक निबंध लिहिला. तो या विषयातील पायाभूत लेखन मानला जातो. त्यांच्या विवेचनाचा आशय मराठीला तंतोतंत लागू पडतो. दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक असते. एकजण ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तुम्ही’ म्हणावे लागते, तेव्हा ती सत्ता असते. आईला म्हटलेला ‘तू’ परत येतो, मित्राचाही येतो. पंचविशीतल्या तरुणाने साठीच्या रखवालदाराला म्हटलेला ‘तू’ परत येऊ शकत नाही. तो परत आला, तर त्याच संध्याकाळी त्या रखवालदाराची तक्रार संस्थेच्या कार्यालयात पोचेल. कसोटी एवढीच आहे. जो शब्द समोरच्याने परत केला तर चालणार नाही, तो जवळिकीचा शब्द नव्हे.

कोणी म्हणेल, मराठीत परक्यालाही नात्याने हाक मारण्याची सुंदर पद्धत आहे. आहेच. काका, दादा, ताई, मावशी, विदर्भात भाऊ. अनोळखी माणसाला क्षणात घरात घेणारे हे शब्द आहेत. परंतु त्यांचे काय होत गेले ते पाहावे. ‘बाई’ हा शब्द जिजाबाई, अहल्याबाई, लक्ष्मीबाई यांच्या नावांमागे मानाने उभा राहिला. शाळेत शिक्षिकेला मुले ‘बाई’ म्हणत. आज “आमची बाई आली नाही” या वाक्यात तो कोठे येऊन पोचला आहे? ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ, लग्नात अंतरपाटामागे उभा राहणारा. रुग्णालयात तो स्ट्रेचर ढकलणाऱ्याचे नाव झाला आणि चौकात वाहतूक पोलिसाची थट्टा. ‘भैय्या’ म्हणजे भाऊ; त्याचे तर हिणवण्याचे विशेषण झाले. ‘मावशी’ म्हणजे आईच्या जागी माया करणारी. एखाद्या घरात एक मावशी बारा वर्षे भांडी घासते, घरातल्या मुलाचे बाळपण तिच्यासमोर सरते, आणि तिचे नाव काय, गाव कोणते, मुले किती, हे घरातल्या दोघांनाही सांगता येत नाही. कायद्याने निदान तिची दखल घेतली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला आणि ती ‘कामगार’ या शब्दात आली. घरात मात्र ‘मावशी’ या शब्दाने नाव विचारण्याची गरजच संपवून टाकली. नाते जोडणारा शब्द अंतर राखण्याच्या कामी येतो, तो असा.

‘अतिथी’ आणि ‘पाहुणा’ या शब्दांकडेही असेच पाहण्यासारखे आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्यानंतर अतिथीला देव मानावयास सांगितले आहे. तो भाग भाषणांतून वारंवार ऐकू येतो आणि पर्यटनाच्या जाहिरातींतही जाऊन बसला आहे. पण अतिथी कोण? परंपरेने सांगितलेला अर्थ असा की ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही, तो. म्हणजे कळवून येणारे व्याही नव्हेत, आमंत्रण दिलेले साहेब नव्हेत. ‘पाहुणा’ हा मराठी शब्दही संस्कृत ‘प्राघूर्ण’ या शब्दाशी जोडला जातो, आणि त्याचा अर्थ भटकत आलेला असाच आहे. पश्चिम महाराष्ट्रात आजही पारावर बसलेला म्हातारा अनोळखी वाटसरूला “राम राम, पाव्हणं, कोणत्या गावचं?” असे विचारतो. त्या म्हाताऱ्याने शब्दाचा मूळ अर्थ शाबूत ठेवला आहे. शहरी घरांत फोन करून, वेळ ठरवून येणारा तो पाहुणा झाला. आणि खरोखर तिथी न ठरवता येणारा, घामाघूम होऊन दारात उभा राहिलेला माणूस साखळीआडून पाहिला जाऊ लागला. सुरक्षेसाठी साखळी लावावी, त्यात गैर नाही. साखळीआडून “थांबा हं, आले” म्हणता येते.

दारात आलेल्याला पाणी विचारणे हा या मातीतला सर्वांत साधा शिष्टाचार. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी, रस्त्यावर पाणपोई, मातीचा रांजण, झाकणावर पेला. पाणपोई घालणारा कोण आणि पिणारा कोण, दोघांचीही एकमेकांना ओळख नसते. निरपेक्ष सौजन्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. आणि त्याच पाण्याच्या बाबतीत सर्वांत मोठे पापही घडले. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, भांड्याला त्याचा हात लागू दिला जात नसे. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ते दिवस गेले असे म्हणायचे, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर कामवाल्या मावशींचा वेगळा कप कानतुटका ठेवायचा, हे एकाच घरात चालू शकते. सोसायट्यांमध्ये नोकरांनी आणि सामान आणणाऱ्यांनी अमुक लिफ्ट वापरू नये, अशा पाट्या लागतात. जड सामान वेगळ्या लिफ्टने न्यावे, हा व्यवस्थेचा भाग झाला. रिकाम्या हाताने येणाऱ्या माणसालाही तोच नियम असेल, तर तो व्यवस्थेचा प्रश्न राहत नाही. घरोघरी तो कप कोठे ठेवला आहे, हे प्रत्येकाने आज घरी गेल्यावर पाहावे.

आता काळ बदलला तसे सौजन्याचे रूपही बदलावे लागते. एका घरी पावसाळ्यात घडलेली गोष्ट आहे. घरपोच जेवण आणणारा तरुण भिजून चिंब होऊन दारात आला. आजींनी दार उघडले. “अरे बाळा, केवढा भिजलास! थांब, टॉवेल देते. चहा टाकू का? जेवलास का?” असे एकामागून एक प्रश्न. तो तरुण संकोचाने हसला. नातू आतून आला आणि म्हणाला, “आजी, त्याला जाऊ दे. त्याचे पैसे फेऱ्यांवर असतात. इथे दहा मिनिटे गेली तर त्याची पुढची फेरी जाते.” आजींना ते माहीत नव्हते. त्या ओशाळल्या नाहीत. “असं होय,” एवढेच म्हणाल्या. पुढच्या वेळेपासून त्यांनी दाराशी पाण्याची बाटली भरून ठेवण्याचा परिपाठ ठेवला, आणि नातवाला सांगितले की जेवण मागवलेस तर तू खाली फाटकाशी जाऊन उभा राहायचे. त्या घराला लिफ्ट नव्हती. तीन जिने वाचवणे हा आजींनी शोधलेला नवा शिष्टाचार होता, आणि कोणत्याही पुस्तकात तो लिहिलेला नाही. समोरच्याला कशाने बरे वाटेल, हे आपल्या सोयीने नव्हे तर त्याच्या अडचणीतून पाहणे, हे त्यांना साधले. नातवानेही ते दाखवून दिले, हे विसरता कामा नये. नव्या पिढीला काही कळत नाही, ही तक्रार अशा वेळी मागे घ्यावी लागते.

अनोळखी माणसांशी कसे वागावे याचे शिक्षण या समाजाला मिळालेच नाही असे नाही. आषाढीच्या वारीत लाखो माणसे चालतात. कोण कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, काही ठाऊक नसते. तरी प्रत्येकजण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. वयाने मोठा धाकट्याच्या पायाला हात लावतो. बंदोबस्ताचा पोलीसही “माउली, पुढे चला” म्हणतो. ‘अहो’चा प्रश्न तेथे ‘माउली’ या एका शब्दाने सुटला आहे. हा शब्द कोणीही कोणालाही म्हणू शकतो आणि तो नेहमीच परत येतो. आता मौजेची बाजू. एकादशी झाली, द्वादशीला पारणे सुटले, आणि परतीच्या प्रवासासाठी पंढरपूरच्या स्थानकात एस.टी. लागली की हीच माउली खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते, आणि तो रुमाल उचलणाऱ्या दुसऱ्या माउलीशी कडाडून भांडते. हसण्यावारी न्यावे असे ते आहे, पण पूर्णपणे नाही.

मुंबईनेही २००५ साली हे पाहिले. २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या थांबल्या, लाखो माणसे अंधारात, कमरेइतक्या पाण्यातून घराकडे चालत निघाली. रस्त्याकडेच्या वस्त्यांतील लोकांनी, ज्यांच्या स्वतःच्या घरांत पाणी शिरले होते त्यांनीही, अनोळखी माणसांना चहा, बिस्किटे, पाणी दिले. उघडी गटारे कोठे आहेत हे सांगत उभे राहिले. हात धरून साखळ्या केल्या. त्या रात्री कोणी कोणाला ‘ए’ म्हणून हाक मारली नसेल. पाणी ओसरल्यावर सौजन्यही ओसरले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून जागा देण्याचा अलिखित नियम मुंबईकर गर्दीतही पाळतो. तरीही ज्यांनी त्या रात्री वस्तीतला चहा घेतला, त्यांपैकी किती जणांनी पुढे त्या वस्तीतून कामाला येणाऱ्या माणसाला आपल्या घरी बसायला खुर्ची दिली असेल?

नमस्काराचे उदाहरण ताजे आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथीच्या भयाने जगाने हस्तांदोलन थांबवले, आणि अनेक देशांच्या प्रमुखांनी हात जोडले. फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी स्पेनच्या राजा-राणीचे स्वागत नमस्काराने केले. १२ मार्चला वॉशिंग्टनमध्ये आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांनीही हात जोडले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, त्यामुळे कोकणात त्या छायाचित्राचे विशेष कौतुक झाले असल्यास नवल नाही. या सर्वांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नमस्कार ही निर्यातीची वस्तू नव्हे. पॅरिसमध्ये राजाला केलेला नमस्कार पाहून ज्याची छाती भरून येते, त्याने सकाळी जिना झाडणाऱ्या माणसाला तो शेवटचा केव्हा केला, हे आठवून पाहावे.

या सर्वांवर घेतला जाणारा आक्षेप ठरलेला आहे : “फार मान दिला की डोक्यावर बसतात.” हा आक्षेप नीट ऐकला तर त्यातच भय दिसते. मान दिल्याने काम बिघडल्याची उदाहरणे असतीलही. कामात कुचराई केली तर बोलावे, कडक बोलावे, पण ‘अहो’ म्हणूनही कडक बोलता येते. कार्यालयात वरिष्ठ अधिकारी कनिष्ठाची चूक ‘तुम्ही’ म्हणूनच काढतो, आणि त्यामुळे कोणी त्याच्या डोक्यावर बसत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा. “पगार देतो की!” पगार कामाचा असतो. कचरा नेण्याचे पैसे देता येतात. पण कचरा घराचा आणि ‘कचरेवाला’ हे नाव मात्र त्याचे, एवढा अन्याय त्या पैशांत बसत नाही.

आणि मुलांचे काय? मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही. ती पाहून शिकतात, हे लिफ्टच्या प्रसंगात दिसलेच. दिवाळी जवळ आली की पोस्त देण्याची वेळ येते. बहुतेक घरांत पाकीट तयार असते, ते जाता-येता हातावर ठेवले जाते, कधी बोलत बोलत, कधी फोन कानाला लावून. तैत्तिरीयाच्या त्याच उपदेशात, अतिथीच्या उल्लेखानंतर, दान कसे करावे हेही सांगितले आहे : श्रद्धेने द्यावे, आणि देताना लाज वाटावी, म्हणजे देणाऱ्याने नम्र व्हावे. घेणाऱ्याने नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या दिवाळीत फराळाचे ताट मुलाच्या हाती देऊन त्याला खाली पाठवावे. ते कागदी बशीत नको, पाहुण्यांसाठी काढतात त्या ताटात असावे. आणि निघण्यापूर्वी त्याला सांगावे की रखवालदार काकांचे नाव विचारून ये, गाव विचारून ये, आणि ते ताट परत देतील तेव्हा दोन्ही हातांनी घे. ताट कदाचित रिकामे येणार नाही. त्यांच्या गावाकडून आलेले काही त्यात असेल. मूल ते घेऊन जिना चढेल आणि दारातूनच ओरडून नाव सांगेल.